हसतोय की

"आज भाजी थेट समुद्रातून काढून आणलीस वाटतं."

फोटोवाले एवढंच बोलले आणि त्यांनी सावकाश पुढचा घास घेतला. टचिंगबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. कपाळ कोरं, गाल कोरे, नजर ताटात. आवाजही खालच्या पट्टीत, सपाट. भाजीत मीठ जास्त पडलं होतं हे खरंच, पण ते सांगायची ही काय रीत झाली? त्यांनी आपलं ताट उचललं, तरातरा स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्यापाशी उभ्याउभ्याच जेवल्या.

"काय झालं गं?" बाहेरून आवाज आला.

"काही नाही. समुद्र आवरतेय," आतून उत्तर गेलं.

गेली दोनेक वर्षं त्या घरात हे असंच चाललं होतं. भांडण म्हणावं तर भांडण नव्हे, आणि गोडी म्हणावी तर देवाचं नाव घ्या. फोटोवाले दिवसभरात मोजकं बोलायचे, आणि जे बोलायचे ते टचिंगबाईंना सुईसारखं टोचायचं. बरं, टोचून झाल्यावर माणूस निदान विजयी मुद्रेनं बघतो तरी. हे तेही नाही. सरकारी भिंतीसारखा चेहरा करून बसायचे.

आता हे दोघं कोण, ते सांगायला हवं. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक फोटो स्टुडिओ होता. पुढे काऊंटर आणि काचेत लावलेली गुटगुटीत बाळं. पडद्याआड फोटो काढायची खोली, तिथे रंगवलेला जिना आणि रंगवलेलं तळं. त्याच्याही मागे लाल दिव्याची अंधारखोली. फोटो काढायचे ते फोटोवाले. आणि बाजूच्या खिडकीशी तिरक्या काचेच्या टेबलावर निगेटिव्ह ठेवून, टोकदार पेन्सिलीनं लोकांच्या चेहऱ्यावरचे डाग, मुरमं आणि सुरकुत्या भरून काढायच्या त्या टचिंगबाई. लग्नाआधी तिथे पगारी कामाला होत्या, लग्नानंतर बिनपगारी झाल्या, असं त्याच सांगायच्या. अख्ख्या बाजारानं दोघांना त्यांच्या कामाचीच नावं चिकटवली होती. पुढे पुढे तर घरी येणारा दूधवालाही "टचिंगबाई, पातेलं आणा" असंच ओरडायचा.

फोटोवाल्यांचं खरं हत्यार कॅमेरा नव्हता, चेहरा होता. काय तो चेहरा! एक भुवई केसांपर्यंत चढायची आणि दुसरी जागची हलायची नाही. नाक उंदरासारखं थरथरायचं. एक कान तर स्वतंत्र संस्थान होता, वाटेल तेव्हा हलायचा. रडून रडून निळी झालेली पोरं, वाटणीवरून बोलणं बंद झालेले भाऊ, फोटोच्या भीतीनं लाकूड झालेली नवरानवरी, सगळी त्या स्टुलावर बसली की दोन मिनिटांत खुदखुदायला लागायची. सोबतीला त्यांच्या खिशात एक रबरी पोपट असायचा. दाबला की पीं करायचा. गंभीर तोंड करून काहीतरी अचाट बोलायचं, समोरचा गोंधळला की खिशातल्या खिशात पीं, आणि पाठोपाठ त्यांचा तो अख्खा चेहरा फुटायचा. मग मोठमोठ्या साहेबांची काय बिशाद होती न हसण्याची!

"हसा" असं ते कधीच म्हणायचे नाहीत. "हसा म्हटलं की माणूस दात दाखवतो," असं त्यांचं म्हणणं. आणि फोटोही ते भर हसण्यात काढायचे नाहीत. हसू ओसरायला लागलं, तोंड मिटत आलं, पण डोळ्यांच्या कोपऱ्यात अजून थोडं शिल्लक आहे, त्या क्षणी बटण दाबायचे. त्यामुळेच त्यांच्या फोटोतली माणसं नुकतीच कुणीतरी गोड बातमी दिल्यासारखी दिसायची.

टचिंगबाईंची त्यांच्याविरुद्ध एकच तक्रार होती. ऐन नाजूक कामाच्या वेळी ते हायपोचा, म्हणजे फोटो धुवायच्या रसायनाचा, वास मारत अंधारखोलीतून बाहेर यायचे, काहीतरी पुटपुटायचे आणि बाईंची पेन्सिल घसरायची. एकदा तर शाळेच्या मोठ्या बाईंच्या नाकावर पांढरी रेघ उमटली, कपाळापासून थेट शेंड्यापर्यंत. "तुम्ही निस्तरा आता!" म्हणून टचिंगबाई टेबलाखाली लपल्या. फोटोवाल्यांनी मोठ्या बाईंना शांतपणे सांगितलं, "विद्येचं तेज आहे, मॅडम. सगळ्यांच्या फोटोत येत नाही." मॅडमनी त्याच फोटोच्या आणखी प्रती मागवल्या. टेबलाखाली टचिंगबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. तो दिवस आठवला की अजूनही त्यांच्या पोटात गुदगुल्या व्हायच्या, आणि मग लगेच डोळ्यांत पाणी यायचं. कुठे गेला तो माणूस?

कुठे गेला, याचं उत्तर त्यांच्यापाशी होतं. त्यांनीच घालवला.

झालं होतं असं. लोकांच्या हातात फोन आले, आणि स्टुडिओत उरले ते फक्त पासपोर्टचे फोटो. टचिंग तर केव्हाच संगणकात गेलं होतं. फोटोवाल्यांचा उजवा खांदा धरला होता. त्यासाठी ते शेक घ्यायला जायचे. असेच एकदा ते बाहेर असताना शेजारचा कापडवाला आला आणि म्हणाला, "टचिंगबाई, जागा देता का? माझं दुकान वाढवायचंय." टचिंगबाई थकल्या होत्या. त्या "घ्या" म्हणून मोकळ्या झाल्या. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो नुसतं "बरं" म्हणाला. शेवटच्या दिवशी शटर फोटोवाल्यांनी डाव्या हातानं ओढलं आणि मागे वळून न बघता चालू लागले. त्या दिवसापासून तो चेहरा जो मिटला तो मिटलाच.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हे. स्टुडिओ आपण न विचारता दिला, म्हणून हा माणूस आपल्याशी असा वागतो, हे टचिंगबाईंच्या डोक्यात पक्कं बसलं. मग सगळ्याचा अर्थ त्याच चष्म्यातून लागायला लागला. शर्टाची बटणं लावायला त्यांना वेळ लागायचा: मुद्दाम. चालताना पाय घासायचे: मुद्दाम. दूध उतू जाऊन करपलं तरी शेजारी पेपर वाचत बसले. हे तर ठरवून! हायपो शिळा झालाय हे अंधारखोलीच्या दारातून वासावर ओळखणाऱ्या माणसाला करपलेलं दूध कळत नाही, हे कुणाला सांगावं?

आणि ते बोलणं! "मालकीणबाई, हुकूम असेल तर चहा घेऊ का?" म्हणजे जागा कोणी दिली, त्याचा टोमणा. एकदा भंगारवाला आला होता. टचिंगबाई जुने पेपर, मोडकी छत्री असलं काढून देत होत्या. फोटोवाले दारात उभे राहून म्हणाले, "दुकान दिलंस, छत्री दिलीस. आता माझा नंबर का?" त्या दिवशी दुपारभर टचिंगबाई भिंतीकडे तोंड करून पडून होत्या.

वरच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या की वेगळीच जखम. "अहो, तुमचे हे दिवसेंदिवस तरुण होतायत हो! कपाळावर एक रेघ नाही. काय खायला घालता?"

"मी टचिंग केलंय," टचिंगबाई म्हणायच्या. काकू हसायच्या. टचिंगबाईही वरवर हसायच्या, पण मनात यायचं, बघा, माझ्यावर रुसून बसणं कसं अंगी लागलंय. त्यांच्याही लक्षात आलं होतंच की. ओठांच्या दोन बाजूंचे ते हसण्याचे कंस, डोळ्यांच्या कोपऱ्यातला तो पंखा, कपाळावरच्या त्या ओळी, सगळं पुसल्यासारखं गेलं होतं. त्यांनी स्वतः पेन्सिल घेऊन बसायचं म्हटलं असतं तरी इतकं सफाईदार जमलं नसतं.

समुद्राच्या भाजीनंतर चार दिवसांनी लेक राहायला आली. रात्रीच्या बातम्या लागल्या होत्या. फोटोवाल्यांचा उजवा हात मांडीवर होता, आणि अंगठा न् बोट एकमेकांवर आपोआप घोळत होते, कणकेची गोळी वळल्यासारखे.

"बाबा, हात का हलतोय?"

"टीव्हीतल्या बाईला टाटा करतोय."

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. हसली नाही. आत आल्यावर आईला म्हणाली, "आई, बाबा असे काय तुटक बोलतात?"

"मला काय विचारतेस? राग आहे माझ्यावर. जागा दिली ना."

"आणि हात? तोही रागानंच हलतो का?"

हात त्यांनी पाहिला होता, पण हाताकडे बघायची त्यांना सवयच नव्हती. त्यांचं सगळं आयुष्य चेहरे बघण्यात गेलं होतं.

लेकीनं वेळ घेतली आणि मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे दोघांना नेलं. डॉक्टरीणबाई घाईत नव्हत्या. त्यांनी फोटोवाल्यांना अंगठा न् बोट भराभर टेकवायला लावलं. डाव्या हाताचं झकास जमलं. उजव्या हाताचं सुरुवातीला मोठं, मग लहान, मग त्याहून लहान, आणि मग ते थांबलंच. मग डॉक्टरीणबाईंनी त्यांचं कोपर वाकवून पाहिलं, दातेरी चाकासारखं ते अडकत अडकत वाकलं. बाहेरच्या पडवीत चालायला लावलं तेव्हा लेकीनं आईचा हात दाबला. बाबांचा डावा हात झुलत होता, उजवा अंगाला शिवल्यासारखा गप्प होता.

"वास येतो का नीट?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बऱ्याच वर्षांत आला नाही. बाजारात राहतो, त्यामुळे फायदाच झाला."

डॉक्टरीणबाईंनी वर पाहिलं, मग परत लिहायला लागल्या. "झोपेत ओरडता, हातपाय झाडता?"

"झाडतात ना," टचिंगबाई म्हणाल्या. "मला वाटलं, दिवसाचा राग रात्री काढतायत."

"बरं. आता एक करा, काका. जरा हसून दाखवा. मोठ्ठं."

फोटोवाले डॉक्टरीणबाईंकडे बघत राहिले. टचिंगबाई खुर्चीत पुढे सरकल्या. त्यांची नजर जन्मभर भिंगाखाली काम केलेली. केसाएवढी रेघही सुटायची नाही. त्यांनी कपाळ पाहिलं, डोळे पाहिले, ओठांचे कोपरे पाहिले. डावीकडे काहीतरी किंचित सरकलं असेल नसेल. बाकी सगळं जिथल्या तिथे.

"हसा ना, काका."

"हसतोय की," फोटोवाले म्हणाले.

टचिंगबाईंना आधी वाटलं, हा डॉक्टरीणबाईंनाही टोमणा. मग त्यांचं लक्ष नवऱ्याच्या डोळ्यांकडे गेलं. तो माणूस घाबरला होता. आपण हसतोय आणि समोरच्या तिघींपैकी एकीलाही ते दिसत नाही, हे त्याला त्या क्षणी पहिल्यांदा कळत होतं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "ह्याला पार्किन्सन्स म्हणतात. मेंदूत खोलवर काही पेशी असतात, त्या डोपामिन नावाचं रसायन बनवतात. त्या पेशी हळूहळू कमी व्हायला लागतात. माणसाच्या मनात येतं, हात उचलावा, चालावं, हसावं; पण तो हुकूम अंगापर्यंत पोचेपर्यंत बारीक झालेला असतो. म्हणून हालचाल मंदावते, आवाज खाली जातो. खांदा धरणं, वास जाणं, ही बऱ्याचदा आधीची लक्षणं. पण तेवढ्यावरून कुणाच्या लक्षात येत नाही."

"चेहऱ्याचंही तसंच होतं?" टचिंगबाईंनी विचारलं.

"चेहरा हलवणारेही स्नायूच ना, मावशी. आत हसू येतं, पण बाहेर उमटत नाही. घरच्यांना वाटतं माणूस चिडलाय, रुसलाय. सुरकुत्या जातात, तर शेजारी म्हणतात तब्येत सुधारली." त्या थोडं थांबल्या. "ह्या आजारात माणूस खरोखर उदासही होतो, तेही बघावं लागेल. पण चेहऱ्यावरून ठरवू नका. तोंडानं विचारा."

"बरा होतो का?" हे लेकीनं विचारलं.

"मुळापासून नाही. खोटं कशाला सांगू? पण गोळ्यांनी हालचाल पुष्कळ सुधारते. वेळा पाळायच्या, आणि गोळी जेवणाच्या आधी, पोट रिकामं असताना. आणि व्यायाम. औषधाइतकाच व्यायाम महत्त्वाचा. चालण्याचा, आवाजाचा, चेहऱ्याचासुद्धा. वर्षानुवर्षं नीट जगतात माणसं."

"म्हणजे गाडी जुनी, पण ढकलली की चालेल," फोटोवाले म्हणाले.

टचिंगबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. टोमणा होता की विनोद? आयुष्यात पहिल्यांदा त्यांना नवऱ्याचं बोलणं कळेना.

घरी आल्यावर लेक गोळ्या आणायला गेली. टचिंगबाईंनी चहा टाकला, दोन कप समोर ठेवले आणि नवऱ्यासमोर स्टूल ओढून बसल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तोंडानं विचारा. विचारायचं म्हणजे काय सोपं होतं?

"अहो."

"हं."

"त्या दिवशी भाजी समुद्रातली म्हणालात. ते काय होतं?"

फोटोवाले विचारात पडल्यासारखे वाटले. "काय होतं म्हणजे? गंमत होती."

"आणि मालकीणबाई? हुकूम?"

"गंमतच की."

"आणि भंगारवाला आला होता तेव्हा? आता माझा नंबर का म्हणालात..." टचिंगबाईंचा आवाज फुटला. "दुपारभर रडले हो मी."

फोटोवाल्यांचा हात मांडीवर घोळत होता. मग त्याच खालच्या, सपाट आवाजात म्हणाले, "मी हसत होतो गं. मला वाटायचं, तूच हसायची बंद झालीस. स्टुडिओ गेला, तू खचलीस, असं धरून चाललो होतो. रोज सकाळी उठून काहीतरी शोधून ठेवायचो तुला हसवायला. एक विनोद लागू पडेना. म्हटलं, संपलं आपलं दुकान."

टचिंगबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. दोन वर्षं! ह्या माणसानं दोन वर्षं रोज एक विनोद शिजवून समोर ठेवला, आणि आपण तो विष समजून ओतून दिला. आपण, ज्यांना चेहऱ्यांची पारख! हाताच्या काकणाला आरसा लागत नाही म्हणे. जन्मभर दुसऱ्यांच्या सुरकुत्या पुसल्या, त्यामुळे सुरकुती गेली की चांगलंच झालं अशी डोळ्याला सवय लागलेली. घरातल्या माणसाचा चेहरा कोरा होत गेला, तरी तो चोरीला जातोय असं एकदाही मनात आलं नाही.

थोड्या वेळानं डोळे पुसून त्यांनी मुख्य प्रश्न विचारला. "आणि स्टुडिओ दिला त्याचा राग?"

"राग आला होता."

टचिंगबाई थांबल्या.

"चार दिवस," फोटोवाले म्हणाले. "पाचव्या दिवशी सकाळी उशिरापर्यंत झोपलो, तेव्हा गेला."

हे खरं की ही पण गंमत, हे टचिंगबाईंना कळेना. त्यांनी पुढे वाकून, भिंगातून बघावं तसं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. काही सापडलं नाही. त्या उठल्या, माळ्यावरून स्टुडिओच्या सामानाचं खोकं काढलं. काळं कापड, फुटकं लाइटमीटर, निगेटिव्हचे गुंडाळलेले पट्टे, आणि तळाशी, रंग उडालेला, एका डोळ्यानं आंधळा रबरी पोपट. तो त्यांनी नवऱ्याच्या डाव्या हातात ठेवला.

"यापुढे विनोद केलात की हा वाजवायचा. म्हणजे मला कळेल. नाही वाजला तर मी खरं धरून चालेन, मग रडले तर बोलू नका."

फोटोवाल्यांनी पोपटाकडे पाहिलं. "बरं, मालकीणबाई," ते म्हणाले. मग बोटं गोळा करायला जरा वेळ लागला. पीं.

टचिंगबाई हसल्या. हसता हसता रडल्या, आणि चहा पार गार झाला.

गोळ्या सुरू झाल्या. घड्याळाला गजर लागले. जेवण गोळीच्या पाठीमागून यायला लागलं. पहिले काही दिवस मळमळलं, डॉक्टरीणबाईंनी मात्रा बदलून दिली. मग एका सकाळी टचिंगबाईंना दिसलं की बटणं लागली आहेत, वरपासून खालपर्यंत, आणि कुणी ओरडलेलं नाही. चालताना उजवा हात थोडा थोडा झुलायला लागला. सगळं काही आलबेल झालं असं नव्हे. गोळीचा जोर उतरत आला की हात पुन्हा गोळ्या वळायला बसायचा, दाराच्या उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटायचे. मग टचिंगबाई शेजारी उभ्या राहून "एक, दोन, एक, दोन" म्हणायच्या आणि दोघं मिळून उंबरा ओलांडायचे. वरच्या काकूंनी एकदा ते पाहिलं आणि विचारलं, "कसली परेड?"

"सैन्यात भरती झालोय," फोटोवाले म्हणाले. काकू बघतच राहिल्या. पीं.

चेहऱ्याचा व्यायाम म्हणजे तर रोजचा तमाशा. आरशासमोर दोघं शेजारी शेजारी. भुवया वर, डोळे मिचकाव, गाल फुगव, ओठांचा चंबू, मग मोठ्ठं हसू. टचिंगबाई करून दाखवायच्या, फोटोवाले प्रयत्न करायचे. पूर्वी ह्याच माणसाची एक भुवई दुसरीला न विचारता केसांपर्यंत जायची. आता दोन्ही मिळून नखभर हलायच्या. एकदा दमून ते म्हणाले, "तूच कर बाई. तुझं चांगलं होतंय." टचिंगबाई पोपटाची वाट बघत राहिल्या. पोपट वाजला नाही. तेव्हा त्यांना कळलं, हे खरं होतं. त्यांनी आरशाकडे पाठ केली आणि नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्या दिवशीचा व्यायाम तेवढ्यावरच थांबला.

लेक पुढच्या खेपेला आली ती हट्ट धरूनच. "आपला तिघांचा एक चांगला फोटो नाही. आख्ख्या जगाचे काढलेत, आणि आपल्या घरात बाबांचा एक धड फोटो नाही." खरंच नव्हता. ते नेहमी कॅमेऱ्याच्या मागे. हजारो फोटोंतली हजारो माणसं त्यांच्याकडे बघून हसली, आणि ते एकातही नाहीत.

नव्या रस्त्यावर एक नवा स्टुडिओ होता. तिथला फोटोग्राफर तरुण, चष्मेवाला, स्वभावानं गोड. त्यानं तिघांना बसवलं: मध्ये फोटोवाले, दोन बाजूंना दोघी. दिवे लागले. फोटोवाल्यांनी दिव्यांच्या छत्र्यांकडे, मागच्या कोऱ्या पडद्याकडे सावकाश नजर फिरवली. टचिंगबाईंनाही त्यांचा रंगवलेला जिना आठवला.

"हां, स्माइल! काका, थोडं स्माइल. काका, हसा ना. काका?"

दोनदा झालं, तीनदा झालं. लेक अवघडली. हळूच म्हणाली, "दादा, त्यांना त्रास आहे जरा. चेहऱ्यावर येत नाही हसू."

तरुणाचं तोंड एवढंसं झालं. "सॉरी हं काका. मला माहीत नव्हतं."

"मी ह्याच धंद्यातला," फोटोवाले म्हणाले. आवाज इतका हळू की तरुणाला पुढे यावं लागलं. "तुझ्या जागी मी असतो, तर माझ्यासारख्या गिऱ्हाइकाला केव्हाच हाकलून दिलं असतं."

तरुण आणखीच गोरामोरा झाला. लेकीनं मान खाली घातली. टचिंगबाई मात्र मनातल्या मनात थांबल्या होत्या. आणि मग फोटोवाल्यांच्या खिशातून आवाज आला.

पीं.

टचिंगबाई फुटल्याच. लेकीनं दचकून खिशाकडे पाहिलं आणि तीही खो खो हसायला लागली. तरुण एकदा खिशाकडे, एकदा त्या कोऱ्या चेहऱ्याकडे बघून हसता हसता वाकला. त्याचं बोट बटणावर जायला लागलं तेव्हा फोटोवाले पुटपुटले, "थांब, आत्ता नको... ओसरू दे... हां. आता."

तरुणानं बटण दाबलं.

फोटो दुसऱ्या दिवशी मिळणार होता. टचिंगबाई आणायला गेल्या, तेव्हा तरुणानं आधी संगणकावर दाखवला. "फोटो मस्त आलाय काकू. फक्त काका जरा गंभीर आहेत. म्हणाल तर ओठांना थोडं हसू देतो, दोन मिनिटांचं काम. कळणारसुद्धा नाही कुणाला."

टचिंगबाईंनी पडद्याकडे पाहिलं. आपण आणि लेक, नुकतीच कुणीतरी गोड बातमी दिल्यासारख्या. आणि मधोमध, ज्यानं ती दिली तो, ताठ, कोरा, डावा हात खिशात. त्यांना हेही आठवलं की हेच काम त्यांनी जन्मभर केलं होतं, तेही कुणाला कळू न देता.

"नको," त्या म्हणाल्या. "आहे तसाच द्या."

घरी येऊन त्यांनी खिडकीशी टेबल ओढलं, जुनं भिंग काढलं आणि फोटोवर धरलं. सवयच ती, दुसरं काय? स्वतःचा चेहरा त्यांनी भराभर ओलांडला. लेकीचाही. मग नवऱ्याच्या कपाळावरून भिंग सावकाश खाली आलं आणि डाव्या डोळ्याच्या कोपऱ्याशी थांबलं. तिथे एक रेघ होती. पापणीच्या केसाएवढी, बाहेरच्या बाजूला किंचित वर वळलेली. पूर्वीच्या दिवसांत निगेटिव्हवर ही दिसली असती, तर पेन्सिलीच्या एका फटकाऱ्यात त्यांनी ती भरून टाकली असती.

"अहो, जरा इकडे या," त्यांनी हाक मारली.

फोटोवाले उठले. पाय उंबऱ्याशी जरा अडले, मग सुटले. येऊन त्यांच्या मागे उभे राहिले आणि वाकून भिंगातून बघायला लागले. बराच वेळ बघत होते.

"एवढी एक राहिली बघ तुझ्या हातून," ते सपाट आवाजात म्हणाले. "काढून टाक."

पोपट आतल्या खोलीत, कालच्या पँटच्या खिशात होता. टचिंगबाई खळखळून हसल्या, आणि त्यांच्या हातातलं भिंग हललं.